कृष्णधवल फोटोतले रंग

ब्लॅक अँड व्हाईट फोटो म्हणजे रंग काढून टाकलेला फोटो, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. मोबाईलमध्ये ‘मोनो’ असं काहीतरी बटण असतं, ते दाबलं की रंग जातात आणि साधा कँटीनचा फोटोसुद्धा एकदम ‘क्लासिक’ वाटायला लागतो. पण रंग जातात म्हणजे नक्की काय होतं? जास्वंदीचं लाल फूल आणि तिचं हिरवं पान, दोन्ही शेवटी राखाडीच होणार. मग फूल जास्त गडद की पान? हे कोण ठरवतं?

मित्रमैत्रिणींनो, या लेखात मला एवढंच सांगायचं आहे की हे कोणीतरी ठरवावंच लागतं. आपण ठरवलं नाही तर ते बटण ठरवतं. आणि आपलं मासिक आतल्या पानांवर एकाच शाईत छापलं जातं, त्यामुळे हा विषय फक्त फोटोग्राफी क्लबवाल्यांचा नाही. ज्याचा ज्याचा फोटो त्यात येतो, त्या सगळ्यांचा आहे.

आधी थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्री इतकं कठीण नाही.

रंगीत फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलमध्ये तीन आकडे असतात : लाल, हिरवा आणि निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. काळ्या-पांढऱ्या फोटोत मात्र प्रत्येक पिक्सेलला एकच आकडा असतो. म्हणजे तीन आकड्यांचा एक आकडा करायचा आहे. सरासरी काढली तरी चालेल, पण आपल्या डोळ्यांना हिरवा प्रकाश सगळ्यात जास्त उजळ भासतो आणि निळा सगळ्यात कमी. म्हणून नेहमीचं सूत्र असं असतं : लालचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ भाग घ्यायचे आणि बेरीज करायची. हे वाटे मूळचे टेलिव्हिजनचे आहेत. १९५० च्या दशकात अमेरिकेत रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हा लोकांच्या घरी असलेले जुने काळे-पांढरे सेट बाद होऊ नयेत म्हणून रंगीत चित्रातून एक ‘उजेडाचा’ सिग्नल वेगळा काढून पाठवायचे. १९८२ साली आपलं दूरदर्शन रंगीत झालं तेव्हाही ज्यांच्या घरी साधा टीव्ही होता त्यांना हाच सिग्नल दिसत होता. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी रंगीत कार्यक्रम याच सूत्रातून काळा-पांढरा पाहिला आहे!

आता जास्वंद घ्या. समजा फुलाचे आकडे २००, ०, ० आहेत आणि पानाचे ०, १०२, ०. सूत्रात घातले तर फुलाचं उत्तर येतं ५९.८ आणि पानाचं ५९.९. दोन्ही ६०. फूल पानात विरघळलं. डोळ्यांना याहून वेगळे रंग सापडणार नाहीत, आणि सूत्राला मात्र त्यांच्यात काहीच फरक दिसला नाही. सूत्र चुकलेलं नाही. तीनाचं एक करताना काहीतरी हरवणारच. काय हरवू द्यायचं एवढंच आपल्या हातात असतं.

इथे रंगीत फिल्टर येतात.

पूर्वी लेन्सच्या पुढे खरोखरची रंगीत काच लावत. नियम सोपा आहे : काच आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडते आणि विरुद्ध रंगाचा अडवते. म्हणून लाल काचेतून लाल वस्तू फिकट येते, निळी-हिरवी गडद येते. हिरव्या काचेतून याच्या उलट. आमच्या शाळेत इंद्रधनुष्य ‘विब्ग्योर’ म्हणून पाठ करून घेतलं होतं. माझी रूममेट ‘तानापिहिनिपाजा’ म्हणते, आणि खरं तर फिल्टरसाठी तिचंच जास्त सोयीचं आहे, कारण ते तांबड्यापासून सुरू होतं आणि फिल्टरच्या गोष्टीत तांबडा हाच हिरो (आणि व्हिलनही) आहे.

या काचांना नंबर असतात. फ्रेडरिक रॅटन नावाच्या इंग्रज गृहस्थांच्या कंपनीने ते दिले, १९१२ मध्ये ती कंपनी कोडॅकने घेतली, आणि ‘रॅटन ८’ म्हणजे पिवळा, ‘रॅटन २५’ म्हणजे लाल ही नावं अजून चालतात. काच प्रकाश अडवते म्हणजे फोटोला जास्त प्रकाश द्यावा लागतो, हेही ओघाने आलंच. पिवळ्या ८ नंबरला दुप्पट, लाल २५ नंबरला आठपट. जिथे १/५०० सेकंद पुरत होता तिथे १/६० लागतो. हात हलला की गेला फोटो.

पण त्याही आधी एक अडचण होती. सुरुवातीच्या प्लेट्सना फक्त निळा आणि अतिनील प्रकाश ‘दिसायचा’. आकाश निळं म्हणून पांढरंफटक यायचं, ढग दिसायचेच नाहीत, ओठ काळे यायचे. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की प्लेटच्या रसायनात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवाही दिसू लागतो. यातून ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली. लाल दिसणाऱ्या प्लेट्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात आल्या. त्यांना पॅनक्रोमॅटिक म्हणतात. फिल्मला लाल दिसत नसेल तर लाल काच लावून उपयोग शून्य, त्यामुळे लाल फिल्टरची खरी मजा त्यानंतरची.

ती मजा कुठली, हे सांगायला सगळे एकच उदाहरण देतात, आणि मीही तेच देणार, कारण ते आहेच तसं. एप्रिल १९२७. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीत हाफ डोम नावाचा प्रचंड सुळका आहे. पंचविशीतला अॅन्सेल अॅडम्स जड कॅमेरा आणि काचेच्या प्लेट्स घेऊन बर्फातून वर चढला होता. शेवटी दोनच प्लेट्स उरल्या. एकीवर त्याने पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. घेतल्यावर त्याला वाटलं की यात आकाश नुसतंच राखाडी येईल आणि समोरच्या कड्याची जी भव्यता जाणवते आहे ती येणार नाही. मग शेवटच्या प्लेटसाठी त्याने गडद लाल, २९ नंबरचा फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं आलं आणि कडा त्यातून पुढे झेपावल्यासारखा. ‘मोनोलिथ’ नावाने तो फोटो जगभर प्रसिद्ध आहे. लक्षात घ्या, त्या दिवशी आकाश काळं नव्हतं. छान निळं होतं. म्हणून तर काळं येऊ शकलं!

यामागचं कारण आपण फिजिक्समध्ये शिकलोय. हवेतले रेणू प्रकाश विखुरतात आणि रॅले साहेबांच्या नियमाप्रमाणे हे विखुरणं तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा चारपटीहून थोडा जास्त विखुरतो. म्हणजे निळ्या आकाशात लाल कमीच. लाल काच लावली की आकाशाकडून येण्यासारखं फारसं काही उरत नाही. ढगात मात्र पाण्याचे थेंब असतात, ते तरंगलांबीपेक्षा खूप मोठे, ते सगळे रंग सारखेच विखुरतात. म्हणून ढग पांढरे ते पांढरेच राहतात.

याचाच व्यत्यास ट्रेकवाल्यांनी लिहून ठेवावा : पावसाळ्यात लाल फिल्टर आकाशाला काहीही करत नाही. जुलै महिन्यात सह्याद्रीवरचं आकाश राखाडी असतं. राखाडी म्हणजे तिन्ही आकडे सारखे. कितीही फिल्टर फिरवा, तिन्हीत वेगळं काही नसेल तर निवडणार काय? धुक्याचंही तेच. उन्हाळ्यात दूरच्या डोंगरांवर जी निळसर झाक असते ती लाल फिल्टरने कापली जाते, पण राजमाचीच्या धुक्याला लाल फिल्टर दाद देत नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस संपून आकाश धुतल्यासारखं निळं होतं आणि त्यात पांढरे ढग राहतात, तेव्हाचे फोटो जपून ठेवा. कोकणात किंवा गोव्यात गेलात तर जांभा दगडाच्या भिंती आणि वर निळं आकाश हे जोडपं लाल फिल्टरसाठीच बनलेलं आहे. आग्वादच्या किल्ल्याचा लालसर चिरा उजळ निघतो आणि मागचं आकाश गडद.

काचेऐवजी कॉम्प्युटर

आता आपल्याकडे काच नाही, मोबाईल आहे. पण गंमत अशी की मोबाईलच्या आत काच आहेच. कॅमेऱ्याचा सेन्सर स्वतः रंगांधळा असतो, त्याला फक्त उजेड मोजता येतो. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर एक बारीकसा रंगीत फिल्टर बसवलेला असतो : दोन हिरवे, एक लाल, एक निळा, अशी चौकट. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळालं. तुमचा प्रत्येक रंगीत फोटो हा तीन रंगांच्या काचांतून घेतलेले तीन काळे-पांढरे फोटो एकत्र करून बनलेला असतो.

ही कल्पना कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जुनी. १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी, हो, आपल्या मॅक्सवेल्स इक्वेशन्सवालेच, लंडनमध्ये एका चौकड्याच्या रिबिनीचे तीन काळे-पांढरे फोटो दाखवले. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून काढलेले. तीन प्रोजेक्टर, प्रत्येकापुढे तोच फिल्टर, आणि पडद्यावर तिन्ही एकावर एक. रंगीत चित्र दिसलं. आपण नेमकं उलट करणार आहोत. आपल्याकडे तिन्ही फोटो आहेत, आपल्याला त्यातून एक निवडायचा आहे, किंवा तिन्हींचं मिश्रण करायचं आहे.

फोटोशॉपमध्ये ‘चॅनल मिक्सर’ उघडून ‘मोनोक्रोम’वर टिक करा. गिंपमध्ये, जे फुकट आहे, ‘मोनो मिक्सर’ आहे. मोबाईलवर स्नॅपसीडमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाईट’च्या आत लाल, नारिंगी, पिवळ्या, हिरव्या आणि निळ्या फिल्टरचे गोल दिसतात. मिक्सरमध्ये तीन स्लायडर असतात. तिघांची बेरीज १०० टक्के ठेवा, एवढा एकच नियम. बेरीज १०० असेल तर पांढरं पांढरंच राहतं आणि राखाडी तेवढंच राखाडी; फक्त रंगीत वस्तू एकमेकींच्या तुलनेत वरखाली होतात. लाल १००, बाकी शून्य म्हणजे लाल फिल्टर. स्लायडर शून्याच्या खाली, उणे बाजूलाही जातो. ही सोय काचेत नव्हती.

फोटोशॉपमध्ये २००७ पासून ‘ब्लॅक अँड व्हाईट’ नावाची वेगळी सोय आहे. त्यात सहा रंगांचे सहा स्लायडर असतात. ती सोपी आहे आणि सगळे तीच वापरतात. पण शिकायचं असेल तर तीनवाली वापरा, असं माझं स्पष्ट मत आहे. सहा स्लायडरमध्ये माणूस चित्र छान दिसेपर्यंत इकडेतिकडे ओढत राहतो आणि काय झालं ते त्यालाच कळत नाही.

आता एक पूर्ण उदाहरण करू. गणपती विसर्जन मिरवणुकीचे फोटो प्रत्येकाकडे असतात. चेहऱ्यावर, केसांवर गुलाल, पांढरे कुर्ते, ढोल. रंगीत फोटोत काय सुंदर दिसतं! मोनो केला की गुलाल गायब. चेहरा नुसता स्वच्छ धुतल्यासारखा. माझ्या एका फोटोत कलर पिकरने आकडे घेतले तर एका मैत्रिणीच्या गालाचे आले १४०, १००, ७५ आणि त्याच गालावरच्या गुलालाचे २३०, ४०, १२०. नेहमीच्या सूत्रात घाला. गाल १०९. गुलाल १०६. कागदावर हा फरक कोणालाही दिसणार नाही. जास्वंदीचीच गोष्ट पुन्हा.

लाल फिल्टर लावला : गाल १४०, गुलाल २३०. गुलाल दिसतो, पण पांढरा. बघणाऱ्याला वाटेल पिठाच्या गिरणीत फोटो काढलाय. निळा लावला तर गाल ७५, गुलाल १२०. तेच पीठ, अंधारात. हिरवा : गाल १००, गुलाल ४०. आता गुलाल गडद आला आणि गडद आला की डोळा त्याला ‘रंग’ म्हणून ओळखतो. पण निखळ हिरव्यात तो जरा चिखलासारखा वाटतो. मग लाल २०, हिरवा ८०, निळा ० असं करून पाहिलं. गालाचं उत्तर १०८, म्हणजे जवळजवळ मूळ होता तेवढाच, आणि गुलालाचं ७८. कुर्ता पांढराशुभ्र जागेवर. हा आकडा काही जादूचा नाही, तुमच्या फोटोत वेगळा येईल. पण पद्धत हीच : ज्या दोन गोष्टी वेगळ्या दिसायला हव्यात त्यांचे आकडे घ्या, तीन चॅनलपैकी कुठे त्या सगळ्यात लांब आहेत ते पाहा, आणि कोण वर कोण खाली हे ठरवा. शेवटचा भाग सॉफ्टवेअरला करता येत नाही. गुलाल गडद असावा हे त्याला माहीत नसतं.

चेहरा

सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गैरवापर होणारा फिल्टर लाल. कारण माणसाची त्वचा, कुठल्याही रंगाची असो, लाल प्रकाश सगळ्यात जास्त परत पाठवते आणि निळा सगळ्यात कमी. त्वचेतलं मेलॅनिन निळ्याकडे जास्त शोषतं, रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा शोषतं. त्यामुळे लाल चॅनलमध्ये पुटकुळ्या, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं सगळं फिकं पडतं, शिवाय लाल प्रकाश त्वचेत खोल शिरून पसरून बाहेर येतो म्हणून त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. हिरव्या-निळ्या चॅनलमध्ये तीच त्वचा खरखरीत, प्रत्येक पुटकुळी हजर. जुन्या मूकपटांतल्या नटांना चमत्कारिक मेकअप का करावा लागायचा, याचं एक कारण हेच. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नव्हता. तो लूक कोणाला हवा असेल तर लाल ०, हिरवा ६०, निळा ४० करून पाहा. नाटकाच्या पोस्टरला मस्त जातो. मैत्रिणीच्या डीपीला करू नका.

तर लाल फिल्टरने चेहरा गुळगुळीत आणि ‘गोरा’ होतो, आणि म्हणून बहुतेकांना तो आवडतो. मासिकाच्या कामात “जरा ब्राईट कर ना” असं सांगणारे जे भेटतात, त्यांना बहुतेक वेळा ब्राईट नको असतं. आपल्या भाषेत गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा असे किती शब्द आहेत आणि लालच्या स्लायडरने सगळ्यांचं उत्तर एकच येतं.

पण यात नुसता त्वचेचा प्रश्न नाही. गेल्या वर्षी आमच्या हॉस्टेलच्या मेसमधल्या काकू कामातून निवृत्त झाल्या. निरोपाला त्यांचा एक मोठा ब्लॅक अँड व्हाईट फोटो फ्रेम करून दिला. कोणीतरी तो अॅपमधल्या तयार लाल प्रीसेटने केला होता. दिसायला झकास, सुरकुत्या गेलेल्या, चेहरा उजळ. काकूंनी फ्रेम हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि हळूच विचारलं, “अगं, कुंकू कुठं गेलं माझं?” काका शेजारीच उभे होते. कोणाला काही बोलताच येईना. फोटोत कपाळावर कुंकवाच्या जागी एक फिकट गोल होता, पुसल्यासारखा.

त्या संध्याकाळी मूळ रंगीत फाईल मागवून मी आकडे पाहिले. कपाळ जवळपास १४०, १००, ७५ आणि कुंकू १८०, २०, ३०. लाल फिल्टरमध्ये कपाळ १४०, कुंकू १८०. कुंकू त्वचेपेक्षा पांढरं. साध्या मोनो बटणाने ते ६९ आलं असतं, म्हणजे ठळक आणि गडद. हिरव्यात २०, जवळजवळ काळं. लाल २०, हिरवा ८० च्या मिश्रणात कपाळ १०८ आणि कुंकू ५२. त्याच मिश्रणाने दुसरी प्रिंट काढली. सुरकुत्या परत आल्या, आणि काकूंना त्यांचं काहीच वाटलं नाही. त्यांनी फक्त कपाळ बघितलं आणि फ्रेम पदराने पुसली.

चेहरा खरंच अंधारात असेल तर उजळ करायला हवाच, त्यात काही वाद नाही. पण ते काम कर्व्ह्ज किंवा एक्स्पोजरने करा. त्याने चेहरा, ओठ, कुंकू, साडी सगळं सोबत उजळतं आणि आपापसातलं नातं बदलत नाही. फिल्टर नातं बदलतो. दोन वेगळी हत्यारं आहेत.

किंमत

इंजिनिअरिंगमध्ये फुकट काही मिळत नाही, इथेही नाही. प्रत्येक चॅनलमध्ये थोडा नॉईज असतो, म्हणजे अंधारात काढलेल्या फोटोत दिसतात ते दाणे. तिन्ही चॅनलचा नॉईज सारखा आणि एकमेकांशी संबंध नसलेला धरला, तर मिश्रणातला नॉईज म्हणजे तिन्ही वाट्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. नेहमीच्या सूत्राचं उत्तर ०.६७ येतं. समान वाटे घेतले तर ०.५८, म्हणजे सगळ्यात कमी. आता आकाश नाट्यमय करायला लाल १५०, हिरवा उणे ३०, निळा उणे २० करा. ८०, १३०, २०० आकड्यांचं निळं आकाश १२३ वरून थेट ४१ वर येतं, ढग जागेवर, एकदम अॅडम्स! पण नॉईजचं उत्तर १.५४. सूत्रापेक्षा २.३ पट. आकाशात रवा सांडल्यासारखा दिसेल. उणे आकडेसुद्धा नॉईज वाढवतातच, कारण वर्ग केला की वजाचिन्ह जातं.

दुसरं दुखणं जेपेगचं. जेपेगमध्ये उजेड आणि रंग वेगळे करून साठवतात आणि रंगाची माहिती बहुतेक वेळा आडवी-उभी निम्मी करून टाकतात, कारण डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो. रंगीत फोटोत ही चोरी पकडली जात नाही. फिल्टर मात्र त्याच रंगाच्या माहितीवर जगतो. म्हणून डोंगर आणि आकाशाच्या सीमेवर पांढरी किनार येते, गुळगुळीत आकाशात चौकोनी ठिपके दिसू लागतात. व्हॉट्सअॅपवर चार ग्रुप फिरून आलेल्या फोटोवर लाल १५० लावून बघा, फोटो नाही, लादी दिसेल.

आणि काही ठिकाणी सॉफ्टवेअरचा फिल्टर काचेची बरोबरी करूच शकत नाही. काच प्रकाशाच्या पूर्ण वर्णपटावर काम करते, आपण फक्त तीन आकड्यांवर. दोन वस्तूंचा वर्णपट वेगळा असूनही तीन आकडे तेच आले, तर काच त्यांना वेगळं करू शकते, मिक्सर कधीच नाही. लायका कंपनीने २०१२ मध्ये एक कॅमेरा काढला, त्याच्या सेन्सरवर बायरच्या काचा नव्हत्याच. चित्र सुंदर आणि खूप बारकाव्याचं येतं, पण रंग नोंदलेलाच नसल्यामुळे नंतर निवड करता येत नाही. लाल फिल्टर हवा असेल तर फोटो काढायच्या आधी खरी काच लावा!

याचं याहून टोकाचं रूप बघायचं असेल तर फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्ये जा. न्यूटन्स रिंग्जच्या प्रयोगाला जो सोडियम लॅम्प असतो त्याच्या प्रकाशात दोनच रेषा महत्त्वाच्या, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. बाकी दिवे बंद करून तिथे रंगीत शर्ट घातलेल्या चौघांचा फोटो काढा. चारही शर्ट पिवळ्याच्याच फिकट-गडद छटा असतील. घरी येऊन मिक्सरमध्ये काहीही फिरवा, पूर्ण फोटो सरसकट उजळेल किंवा काळवंडेल, पण एक शर्ट दुसऱ्यापासून वेगळा होणार नाही. रंगाची निवड दिव्यानेच करून टाकलेली असते. (लॅब असिस्टंटना विचारून करा. माझं नाव सांगू नका.)

आता छपाईबद्दल थोडं, कारण फोटो शेवटी कागदावर येतात. आपल्या मासिकाच्या साध्या कागदावर शाई पसरते, प्रत्येक ठिपका थोडा मोठा होतो, त्यामुळे मधले राखाडी स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा गडद छापले जातात. १०९ चा गाल कागदावर बराच काळवंडलेला येतो. म्हणून फिल्टरने नाती ठरवून झाली की शेवटी कर्व्ह्जने मधला भाग थोडा वर उचलायचा, काळा आणि पांढरा जागेवर ठेवून. हा क्रम उलटा करू नका.

यंदाच्या अंकासाठी फोटो देणाऱ्यांना विनंती : फोटो रंगीतच द्या, स्वतः मोनो करून देऊ नका. एकदा तीनाचं एक झालं की तीन परत मिळत नाहीत. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाईल तशीच येते. आणि फोटोत कुंकू, गुलाल, मेंदी, हळद, संघाची जर्सी असं काही असेल ज्याचा रंग दिसलाच पाहिजे, तर फाईलच्या नावात लिहा. गॅदरिंगच्या वेळी एका संघाची जर्सी लाल होती आणि दुसऱ्याची हिरवी, त्या मॅचचे अठरा फोटो आले आहेत. आकडे घेऊन पाहिले, मोनोमध्ये बावीसही जण एकाच संघातले दिसतात. ते सध्या माझ्याकडे आहेत, लाल ७०, हिरवा ३० वर चाललंय.